वारा पडेपर्यंत

या वसंतात माझा पहिला हंस पाडायचाच, एवढ्या एकाच कामासाठी आम्ही तिघं बेटाकडे निघालो होतो. तिघं म्हणजे मी, सिंक्लेअर मामा आणि लुईझा मामी. तसं आमचं घर बाराही महिने तंबू घेऊन कुठे ना कुठे पडलेलंच असतं. शरदात मूस हरणांची शिकार, हिवाळ्यात बीव्हरचे सापळे, उन्हाळ्यात जाळी. पण शाळेला कुलूप लागतं ते फक्त हंसांसाठी. दक्षिणेकडून करड्या रानहंसांचे थवे उपसागरावर आले की सगळं गाव किनाऱ्यावरच्या तळावर जाऊन बसतं. माझ्या धाकट्या भावाने गेल्या वर्षीच आपला पहिला हंस पाडला. मी पंधरा वर्षांची, आणि माझ्या नावावर अजून काही नाही! हंसांना तोंडाने हाक घालण्यात मात्र तळावर माझ्या तोडीचं कुणी नाही, आणि हे खुद्द इलायजा आजोबांनी कबूल केलं होतं. ते आमच्या शिकारीचे कारभारी. कुणी कुठे बसायचं, कुठल्या दिवशी बार काढायचा, कुठल्या दिवशी बंदुका गुंडाळून ठेवायच्या, हे तेच ठरवतात.

"बेटावर जा, व्हायलेट," ते मला म्हणाले होते. "तिकडे हंस खाली उतरतात. मध्येच बर्फ फुटलं तर घाबरून परत येऊ नका. पाणी मोकळं होईपर्यंत तिकडेच राहा. लाकूड, पीठ, चूल, सगळं आहे तिथे."

निघताना मामी मामाला म्हणाली, "होडी बांध स्लेजवर."

"बर्फ लोखंड झालंय अजून. होडी कशाला ओढायची?"

"तुमच्या किनाऱ्यावर होडी ओढतात असं मी ऐकलं होतं."

"आणि तुमच्या आतल्या तळ्यांकडे बायका गप्प बसतात असं मी ऐकलं होतं," मामा म्हणाला. मामी हसली आणि होडीशिवायच सामान बांधायला लागली. ती तळ्यांच्या प्रदेशातली. खाऱ्या पाण्यावरचं बर्फ तिला कधी पटलंच नाही.

बर्फगाडी मामा चालवत होता, मागे स्लेजवर आम्ही दोघी. ऊन इतकं लख्ख होतं की डोळ्यांवर चष्मा लावूनही पाणी येत होतं. चहूकडे पांढरंशुभ्र, सपाट, आणि पुढे बेटाची काळसर रेघ हळूहळू झाडांची होत चाललेली. मी मामीला हंसाच्या सगळ्या हाका करून दाखवल्या. एकट्या हंसाची, जोडीची, भुकेल्याची. "आता माणसाचीही काढून दाखव एखादी," मामी म्हणाली.

बेटाच्या अगदी कडेला, जिथे भरती-ओहोटीने बर्फाला भेग पडते, तिथे गाडीचं नाक खाली गेलं.

मामाने उडी मारली. पुढचा भाग उचलायला म्हणून तो वाकला. त्याच क्षणी त्याच्या पायाखालची लादी फिरली! गाडी त्याच्यावर आडवी झाली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. लाकूड फुटावं तसा. गाडी त्याला घेऊन सरकायला लागली. मामीने त्याच्या अंगरख्याची कॉलर धरली, मी मामीचा पट्टा. आम्ही ओढलं. पुन्हा ओढलं. मामा मोकळा झाला, पण गाडी बुडत होती आणि दोरीने स्लेजला ओढत होती. मामीने कुऱ्हाड उचलली. एक घाव! दोरी तुटली. गाडी गेली. तिच्यावर बांधलेली पेटी गेली. पेटीत वायरलेस होता, खाणं होतं आणि काडतुसांचे खोके होते.

स्लेजवर तंबूचं कापड, अंथरुणं आणि माझी बंदूक उरली. आम्ही मामाला त्याच स्लेजवर घालून झाडांपर्यंत नेलं.

बेटावर तंबूचा सांगाडा आणि पत्र्याची चूल होती, पिठाचा डबा होता, डब्याच्या तळाशी चहा होता. इलायजा आजोबा खोटं बोलत नाहीत. मामीने लार्चच्या झाडाची आतली साल उकळून त्या पाण्याने मामाची नडगी धुतली, दोन फळ्या लावून पाय बांधला. हाड कातडीतून बाहेर आलं होतं. मी चूल पेटवली, जमिनीवर स्प्रूसच्या ताज्या डहाळ्या अंथरल्या, आणि मग मला करण्यासारखं काही उरलं नाही. हे मला फार विचित्र वाटलं. काही करायला नाही, असं मला आजवर कधी झालंच नव्हतं.

वारा सुटला. तो सुटला आणि मग थांबेचना. दुसऱ्या सकाळी आम्ही ज्यावरून आलो होतो ते बर्फ नव्हतंच. बेट आणि किनाऱ्याच्या मधल्या सगळ्या सामुद्रधुनीत लाद्याच लाद्या, एकमेकींवर चढणाऱ्या, दळल्यासारखा आवाज करणाऱ्या. मी काठावर जाऊन एकीवर पाय ठेवला. ती लगेच कलली.

"परत ये," मागून मामी म्हणाली.

"मी हलकी आहे मामी. उड्या मारत जाईन."

"जाशील. मग मी दोघांची काळजी करत बसू का?"

मी परत आले.

तिसऱ्या दिवशी मामाच्या जखमेच्या वर एक लाल रेघ दिसायला लागली, विष वर चढत असल्याची. मामीने चुलीतला कोळसा घेऊन रेघेच्या टोकाशी खूण केली. संध्याकाळी रेघ खुणेच्या पुढे होती. मामीने दुसरी खूण केली. मामाला ताप होता, पण जीभ शाबूत होती.

"काय नकाशा काढतेस?"

"तुझ्या मूर्खपणाचा. बराच मोठा प्रदेश आहे," मामी म्हणाली आणि तोंड फिरवून चुलीत लाकूड घातलं. चुलीत लाकूड भरपूर होतं.

माझ्या खिशांत सगळी मिळून पाच काडतुसं निघाली. मी बंदूक घेऊन वाऱ्यात टोकावर गेले आणि एकामागून एक, सारखं अंतर ठेवून, मदतीच्या खुणेचे तीन बार काढले. पलीकडे किनाऱ्यावर आमच्या तळाचे धूर दिसत होते. इतके स्पष्ट की कुणाचा तंबू कुठला तेही मी सांगितलं असतं. मग मी ओल्या डहाळ्यांचा ढीग पेटवला, जाड पांढरा धूर केला, आणि धावत तंबूत आले.

"मामा, तीन बार काढले. धूरही केला. आता येतील."

मामा हसला. हसल्यावर पाय दुखला म्हणून विव्हळला, आणि पुन्हा हसला.

"पोरी, हंसांच्या दिवसात तीन बार ऐकले तर तू काय म्हणशील?"

मी हातातली बंदूक खाली ठेवली.

"म्हणशील, व्हायलेटच्या हाकेला थवा आला, तीन पडले. आणि मग धूर दिसला तर?"

मला कळलं. पाडलेल्या हंसाची पिसं काढली की राहिलेली लव जाळायला आम्ही उघड्यावर जाळ करतो. तळावरच्या बायका या क्षणी बेटाकडे बोट दाखवून म्हणत असतील, बघा, सिंक्लेअरकडे हंस भाजतायत. माझ्या आईला आनंद झाला असेल. ती सगळ्यांना सांगत असेल. मला रडू आलं ते तिच्या आनंदाचं.

"म्हणजे आपण ओरडतोय आणि ते टाळ्या वाजवतायत," मामी म्हणाली. "काय किनारा आहे तुमचा. आमच्याकडे बंदूक वाजली की माणूस बघायला तरी येतो."

"तुमच्याकडे हंसच नसतात."

"मग इथे कुणी ऐकून येणार तरी कधी?"

मामाने तंबूच्या कापडाकडे बघितलं. वाऱ्याने ते फडफडत होतं.

"वारा पडला की," तो म्हणाला.

वारा नसलेल्या दिवशी आमच्याकडे कुणीच बार काढत नाही. थंड, स्तब्ध हवेत एक आवाज उपसागराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, बसलेले सगळे थवे एकदम उठतात आणि कित्येकदा त्या वर्षी परत फिरकत नाहीत. इलायजा आजोबांचा हा नियम पक्का आहे. तशा दिवशी तळावर लाकूडसुद्धा फोडत नाहीत.

"तशा दिवशी बार ऐकला तर कुणी हंस पाडला असं त्यांना वाटणार नाही," मामा म्हणाला. "मी आजारी आहे म्हणून इलायजा आजोबा येतील की नाही सांगता येत नाही. पण त्यांचे हंस उडवले म्हणून नक्की येतील. काडतुसं किती राहिली?"

"दोन."

"त्यांना हात लावू नकोस."

आणि मग आम्ही वाऱ्याची वाट बघत बसलो. वारा पडण्याची. वाऱ्याला कुणी ढकलू शकत नाही, ओढू शकत नाही, त्याला हाकही घालता येत नाही. मी दिवसभर झाडांच्या शेंड्यांकडे बघायची. शेंडे हलायचे. तंबूत यायची. मामी तव्यावर पिठाची जाड भाकरी, बॅनक, भाजायची, अर्धी माझ्यापुढे सरकवायची, आपली अर्धी मामाला भरवायची आणि जेवले म्हणायची. रेघ गुडघ्याच्या वर गेली. मामाच्या बोलण्यात आता त्याचा मेलेला कुत्रा यायला लागला होता.

एका दुपारी मी टोकावर बसले होते, आणि ते आले. मोठा थवा, वाऱ्याशी झगडत, अगदी खाली. मी विचार न करता हाक घातली. तोंडातून आपोआप निघाली. पुढचा हंस वळला. सगळेच वळले! पंख ताणून, पाय खाली सोडून ते सरळ माझ्याकडे उतरायला लागले. त्यांचे पांढरे गाल दिसत होते. बंदूक माझ्या खांद्याला लागलेली होती. कधी लागली कळलं नाही.

मागून मामी धापा टाकत आली. "मार," ती म्हणाली. "व्हायलेट, मार. त्याच्या पोटात चार दिवसांत रस्सा गेलेला नाही."

"मामा म्हणाला, हात लावू नकोस."

"त्याला ताप आहे. मी सांगते, मार."

मी पुढच्या हंसावर नेम धरला. इतका जवळचा हंस मला आयुष्यात परत मिळेल की नाही कुणास ठाऊक. रस्सा मिळाला तर मामाला एक दिवस जास्त मिळेल. काडतूस राहिलं तर कदाचित सगळेच मिळतील, किंवा काहीच नाही. हे ठरवायला मी कोण? मला ठरवता येईना. मी नुसती बसून राहिले, आणि तेवढ्यात हंसांनी आम्हाला पाहिलं, आणि ते गेले.

मामी वाळूत खाली बसली. "बरं," ती म्हणाली. "बरं केलंस की वाईट, मला माहीत नाही."

मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मला जाग आली ती आवाज नसल्यामुळे. तंबूचं कापड हलत नव्हतं. चुलीचा धूर दोरीसारखा सरळ वर जात होता. बाहेर सामुद्रधुनीत लाद्या जिथल्या तिथे थबकल्या होत्या आणि उपसागरभर, दूरदूरपर्यंत, हंस निवांत पाण्यावर बसले होते. त्यांची कुजबुज ऐकू येत होती. मामाने डोळे उघडले नाहीत. कोळशाची सगळ्यात वरची खूण आता मांडीवर होती.

मी टोकावर गेले. बंदूक आकाशाकडे धरली. चाप ओढला.

टक्.

काडतूस भिजलेलं होतं! हातातून गळून ते दगडावर वाजलं. मी शेवटचं भरलं. मामी तंबूच्या दारात उभी होती, हात तोंडावर. मी डोळे मिटले आणि चाप ओढला.

बार झाला. तो गेला, किनाऱ्यावर आपटला, परत आला, पुन्हा गेला. आणि मग सगळा उपसागर उठला. इतके पंख! आकाश काळं झालं, ओरडून ओरडून त्यांनी कान बधिर केले, आणि उत्तरेकडे जात जात ते लहान झाले, दिसेनासे झाले. पाणी रिकामं. बंदूकही रिकामी. आता आमच्याकडे काहीही उरलं नव्हतं.

आम्ही बसलो. मामीने माझा हात धरला होता की मी तिचा, सांगता येणार नाही. ऊन वर आलं. मग तळाच्या बाजूला पांढऱ्यावर काळे ठिपके दिसले. दोन लांब होड्या. माणसं दोन्ही बाजूंनी काठ धरून लाद्यांवरून पळत होती, लादी कलली की होडीत उडी, पाणी संपलं की पुन्हा लादीवर. पुढच्या होडीच्या नाकाशी इलायजा आजोबा उभे होते, आणि शब्द कळायच्या आधी त्यांचा राग आम्हाला ऐकू आला.

"कुणी? कुणी काढला बार? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"मी काढला," मी म्हणाले. "मामा आत आहे."

ते आत गेले. बाहेर आले तेव्हा आवाज उतरला होता. "उचला," एवढंच ते म्हणाले.

परतताना मी होडीतून उडी मारून इतरांसारखी काठ धरायला निघाले, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "बस. त्याचं डोकं मांडीवर घे." मी घेतलं. सगळी वाट मी काहीच केलं नाही, फक्त ते डोकं लाद्यांच्या धक्क्यांनी हलू दिलं नाही.

दुपारी हेलिकॉप्टर मामाला आणि मामीला घेऊन गेलं. दोन दिवसांनी वायरलेसवर मामीचा आवाज आला. पाय वाचला होता. मामा रुग्णालयाच्या जेवणाला नावं ठेवत होता. "आणि मला वाटलं होतं त्याचं तोंड कापतील," मामी म्हणाली.

हंस परत आले नाहीत. चुकार चार-सहा सोडले तर आकाश रिकामंच राहिलं. माणसं आडोशांत बसायची आणि संध्याकाळी हात हलवत परत यायची. हिवाळ्यासाठी साठवायचं मांस त्या आकाशातून येणार होतं. मला कुणीही एक शब्द बोललं नाही. बोलणी ऐकून घेणं सोपं गेलं असतं. शेवटी मीच बंदूक घेऊन इलायजा आजोबांच्या तंबूत गेले. वारा नसताना बार काढणाऱ्याची बंदूक त्या हंगामापुरती कारभाऱ्याकडे राहते.

ते चहा पीत होते. "हंस दर वसंतात येतात," ते म्हणाले. "सिंक्लेअर एकच आहे. तोही काही फार चांगला नाही, पण एकच आहे."

मला वाटलं, ते बंदूक माझ्याकडेच राहू देतील.

"आता दे ती इकडे," ते म्हणाले.

मी दिली. बाहेर बायका दिवसभरात मिळालेला एकुलता एक हंस घेऊन बसल्या होत्या. आई सरकली, मी तिच्याशेजारी बसले आणि पिसं काढायला लागले. आतली लव अजून कोमट होती, आणि कितीतरी दिवसांनी माझी बोटं गरम झाली.