नळीखालचं पाणी

शाळेतली खिचडी खाऊन अकरा पोरं आजारी पडली. पोरं बरी झाली, खिचडी शिजवणाऱ्या केशरबाईंचं मात्र वाटोळं झालं. खिचडीला वापरलेल्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल स्वच्छ आला; मग विष बाईनंच कालवलं, असं परतवाड्याजवळच्या त्या गावानं ठरवून टाकलं.

"मले जेल झाली तं चालीन," अमरावतीच्या खासगी गुप्तहेर सीमा तायडे यांच्यापुढं केशरबाई रडल्या, "पन पोरांले विष देल्लं म्हनू नये कोनी."

सीमाताईंनी ठाणेदारांकडून अटकेआधी तीन दिवस मागून घेतले. त्यांचा जुना सहकारी अनुप सोबत होता.

विहिरीचे मालक उत्तमराव म्हणाले, "फवारणीचा पंप तिथं धुतला व्हता मी, एकडाव. पन पानी तं साफच निंघालं ना!"

"दडवायचं असतं तर धुतल्याचं सांगितलं नसतं," अनुप म्हणाला. "बाईच असणार."

विहिरीचं पाणी तपासणाऱ्या अकोल्याच्या प्रयोगशाळेत तिथल्या तंत्रज्ञानं, योगेशनं, पावडर भरलेली बोटाएवढी नळी दाखवली. "पाणी हिच्यातून सोडतो. विष पावडरीले धरून राहते. मग ते मेथॅनॉलनं सोडवून मशीनमध्ये घालतो. थेंब थेंब सोडा लागते, अर्ध्या लिटरले दीड तास."

"खाली पडलेलं पाणी?"

"नमुन्याच्या नावानं पंधरा दिवस ठेवा लागते."

रजिस्टरमध्ये त्या विहिरीच्या अर्ध्या लिटरपुढं वेळ होती : चार वीस ते चार पन्नास.

"राहता कुठं?"

"बडनेऱ्याले. सव्वापाचची गाडी असते."

सीमाताईंनी नळीखाली पडलेल्या पाण्याची ठेवलेली बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी उत्तमरावांनाही अकोल्याला बोलावलं.

"अनुप, मशीन खोटं बोललं नाही. त्याच्यापर्यंत विष पोचलंच नव्हतं. दीड तासाचं काम अर्ध्या तासात उरकलं. पाणी इतक्या जोरात ओढलं की पावडरीला विष धरायला सवडच मिळाली नाही. ते सरळ खाली गेलं. बाटलीत फवारणीचंच औषध निघालं, उत्तमराव."

मग त्या योगेशकडं वळल्या.

"योगेश, तुम्ही लबाड असता तर वेळ खरी लिहिली नसती."

"गाडी हुकली का पोरगी झोपून जाते, मॅडम," योगेश पुटपुटला. "त्या एकाच दिवशी घाई केली."

सीमाताईंना चिडताही येईना. सगळे खरं बोलले होते, आणि तरी एका बाईची अब्रू गेली होती.

संध्याकाळी त्या केशरबाईंच्या दारी गेल्या. "सुटलात. शाळेनं परत बोलावलंय."

केशरबाईंनी नकारार्थी मान हलवली. "काल नातीले भात वाढला, मॅडम. म्हने, आजी, पयले तू खा."