वाटेवरचं भांडण

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चोरी करत होता. भर सकाळी, उघड्या माळावर, शिट्टी वाजवत!

चोरी कसली म्हणाल, तर वाटेची. आमच्याकडे कुरणांच्या कडेला लाकडी खांब असतात आणि त्यावर सार्वजनिक पायवाटेचा बाण. हा माणूस त्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून आधीच फिरवलेला बाण आणखी वळवत होता. खरी वाट कुरणातून सरळ वर जात होती आणि बाण दाखवत होता खाली, ओढ्याकडे. त्याच बाणावर विश्वास ठेवून मी अर्ध्या तासापूर्वी ओढ्याकडे गेले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, दोन्ही मनगटांवर खाजऱ्या नेटलच्या पानांनी उठलेल्या गांधी, आणि एक बूट तर मला हातानं उपसून काढावा लागला होता.

"हात काढा त्या खांबावरून!" मी ओरडले.

तो दचकला. वळला. उंच, उन्हानं नाक सोललेला, बाह्या दुमडलेल्या. त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे, मग चेहऱ्याकडे... आणि त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

"ओढ्याकडून आलात वाटतं."

"आले नाही, तुम्ही पाठवलंत मला! ही वाट सगळ्यांची आहे. तुमच्या आजोबांनी विकत घेतलेली नाही."

"कुरण मात्र त्यांनीच घेतलंय." तो शांतपणे खाली वाकला, कुंपणाच्या दगडांशी वाढलेलं एक रुंद पान तोडलं आणि माझ्यापुढे धरलं. "हे चोळा मनगटाला. आग थांबेल."

"माझी आग पानानं थांबणारी नाही!"

"ते दिसतंय," तो म्हणाला. "तरी चोळा."

चोळलं. आग थांबली, आणि त्याचाही मला राग आला.

"तक्रार करायचीच तर नाव जोएल बॅगशॉ," तो म्हणाला. "पण त्याआधी एक मिनिट इथून पाहा. आवाज न करता."

जूनची सुरुवात होती. कुंपणावरचा हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी लवला होता, कुरण पिवळ्या फुलांनी भरून गेलं होतं. जोएल दगडी भिंतीवर ओणवा झाला, म्हणून मीही झाले. त्यानं बोट दाखवलं तिकडे आधी मला नुसतं गवत दिसलं. मग त्या गवतातून एक लांब, वाकडी चोच वर आली... तपकिरी मान... एक डोळा.

"कर्ल्यू," तो कुजबुजला. "जमिनीवरच घरटं करतात. चार अंडी आहेत. वाट तिच्यापासून दहा पावलांवरून जाते."

पक्षी आमच्याकडे बघत होता, आम्ही पक्ष्याकडे.

"गेल्या वर्षी तीन जोड्या होत्या," जोएल म्हणाला. "मग शेफील्डच्या एका पेपरात कुणा टेसा हॅलम नावाच्या बाईनं लिहिलं, या खोऱ्यात या, फुलं बघा, डबा आणा, कुत्र्यांना मोकळं सोडा! आले की सगळे. एकसुद्धा पिल्लू वाचलं नाही. ती बाई कधी भेटली ना—"

"भेटली," मी म्हणाले. "मीच ती."

त्यानं मान वळवली. आमच्या नाकांमध्ये जेमतेम वीतभर अंतर होतं. त्याचे डोळे करडे होते, पाऊस येण्याआधीच्या आभाळासारखे. अशा वेळी कुणाला डोळ्यांचा रंग दिसतो? मला दिसला. त्याचाही राग आला.

"आणि 'कुत्र्यांना मोकळं सोडा' असं मी लिहिलेलं नाही!"

"बाकीचं लिहिलंत ना?"

"लिहिलं. पुन्हा लिहीन. माझे बाबा चाळीस वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे उभे होते. आमच्याकडे गाडी नव्हती, बागबगीचा नव्हता. रविवारी बसनं यायचो आणि अशाच वाटांनी चालायचो. अशी वाट कुणी चोरली की बाबांचा रविवार चोरल्यासारखं वाटतं मला. तुम्ही पाटी लावायचीत. 'इथे घरटं आहे, बाजूनं जा.' "

"शहरातली माणसं सांगून ऐकत नाहीत."

"विचारून पाहिलंत?"

तो भिंतीवरचं शेवाळ नखानं खरवडत राहिला.

शेवटी आम्ही भांडतच तोडगा काढला. बाण सरळ राहील. भिंतीच्या कडेनं दोरी बांधून तो थोडी लांबची वाट आखेल. आणि मी या खोऱ्याबद्दल यंदा एक अक्षर छापणार नाही.

"शब्द?" त्यानं हात पुढे केला.

"शब्द." माझा हात चिखलानं बरबटलेला होता. त्यानं तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

पुढच्या दोन आठवड्यांत मी तिकडे तीनदा गेले. 'दोरी नीट बांधली का ते बघायला.' तोही तीनही वेळा नेमका भिंतीपाशीच असायचा. 'मेंढ्या बघायला.' मेंढ्या पलीकडच्या डोंगरावर होत्या. तो थर्मासातला चहा द्यायचा, मी तो कडू आहे म्हणून नावं ठेवायचे आणि दोन कप प्यायचे. कधी तुम्हीचं तू झालं, कळलंही नाही. तिसऱ्या खेपेला अंड्यांतून पिल्लं निघाली होती. लांब पायांवर कापसाचे गोळे! मी आनंदानं त्याचा दंड धरला... मग सोडला. तो म्हणाला, "राहू दे की." मी म्हणाले, "माशी होती." तो हसला आणि मी बस गाठायला धावत सुटले.

त्या शुक्रवारी पेपर उघडला आणि मी खुर्चीतून उठलेच.

माझा लेख शहरातल्या नदीकाठाबद्दल होता. त्याखाली अर्धं पान भरून दुसरंच काही छापलं होतं. 'ऊन पडलंय, घराबाहेर पडा!' वर गेल्या वर्षीचा माझा मजकूर, कुरणाचा नकाशा, आणि ठळक अक्षरात माझं नाव.

मी तशीच संपादिकेच्या खोलीत घुसले. फिलिपा कॉफीत बिस्किट बुडवत होती.

"हे कुणाला विचारून छापलंस?"

"जागा रिकामी होती, टेस. मजकूर तुझाच आहे. आणि छानच आहे की!"

"तिथे पिल्लं आहेत! मी शब्द दिला होता!"

"पक्ष्यांना?" तिनं भुवया उंचावल्या.

मी दार इतक्या जोरात आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. बाहेर येते तोच फोन वाजला. जोएल.

"शब्द दिला होतास," तो म्हणाला. बस, एवढंच. आवाज अगदी थंड. मी 'ऐक' म्हणेपर्यंत फोन बंद.

मी फोनकडे बघत राहिले. डोळे भरून आले आणि त्याहून जास्त संताप आला. फिलिपाचा आलाच, पण त्याचा जास्त. काय झालं एवढंसुद्धा विचारलं नाही! तीन वेळा कडू चहा प्यायले मी त्याच्यासाठी!

शनिवारी पहिल्या बसनं मी खोऱ्यात गेले आणि कुरणाच्या फाटकाशी उभी राहिले. ऊन लख्ख पडलं होतं. थोड्याच वेळात गाड्या आल्या, सायकली आल्या, डबे, चादरी, चेंडू आले.

"नमस्कार. वाट सगळ्यांची आहे, पण गवतात पक्ष्याची पिल्लं आहेत. दोरीच्या बाजूनं गेलात तर बरं होईल. कुत्रं बांधाल का, प्लीज?"

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आवाज कापत होता. नंतर सवय झाली. बहुतेक जण "अरे हो का?" म्हणून वळत होते. एक गृहस्थ मात्र वळेनात. लाल चेहरा, लाल टोपी, मोठा काळा कुत्रा.

"बाई, ही सार्वजनिक वाट आहे. मला माझे हक्क माहीत आहेत. मी पेपरात वाचलंय!"

"ते मीच लिहिलंय!" मी म्हणाले. "हक्क तुमचा आहेच, तो काढून घेणारी मी कोण? मी फक्त विनंती करतेय. पिल्लांना अजून उडता येत नाही हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुत्र्यानंही पाहिलं. "मग हे आधीच का नाही लिहिलंत?" असं पुटपुटत त्यांनी कुत्र्याचा पट्टा मुठीत घेतला आणि दोरीकडे निघाले. मला त्यांच्या लाल टोपीचा मुका घ्यावासा वाटला.

दुपारी पाऊस आला. बारीक, तिरका, कॉलरमधून आत शिरणारा. मी छत्री आणलीच नव्हती. केस कपाळाला चिकटले होते आणि मी एका आजीबाईंना वाट समजावत होते. त्यांच्याबरोबर दोन नाती होत्या. त्यांनी माझं ऐकलं आणि लगेच चवड्यांवर, ओठांवर बोट ठेवून, एकमेकींना 'शू...' करत भिंतीच्या कडेनं निघाल्या. आजीबाईही चवड्यांवर!

मागे कुणीतरी थांबल्यासारखं वाटलं. जोएल होता. अंगावर मेणकापडाचा कोट आणि चेहरा पाहण्यासारखा.

"तू इथे कधीपासून आहेस?"

"तुला काय करायचंय? जा, फोन बंद कर कुणाचा तरी."

"मला वाटलं, तू..."

"तुला वाटलं! दुसऱ्या कुणी छापलं असेल असं नाही वाटलं? जुना लेख उकरून काढला त्यांनी. मला विचारलंही नाही. तूही नाही विचारलंस!"

तो पावसात तसाच उभा. "चुकलं माझं," तो हळूच म्हणाला.

"काय? ऐकू नाही आलं."

"चुकलं माझं!" तो ओरडला आणि गवतातून कर्ल्यू केकाटत उडाली. आम्ही दोघांनी एकदम तोंडावर हात ठेवले. ती आमच्या डोक्यावरून एक घिरटी घालून पुन्हा गवतात उतरली, तेव्हा कुठे आम्ही श्वास सोडला.

मग त्यानं कोट काढला आणि माझ्या खांद्यांवर टाकला. कोटाला मेंढ्यांचा वास येत होता. मी नाक मुरडलं आणि कोट घट्ट गुंडाळून घेतला.

संध्याकाळपर्यंत आम्ही फाटकाच्या दोन बाजूंना उभे होतो. शेवटची गाडी गेल्यावर तो म्हणाला, "ऐकलं गं सगळ्यांनी."

"शहरातली माणसं होती ती," मी म्हणाले. "एवढ्यानं सुटका नाही तुझी. एक दिवस माझ्या शहरात यायचं. माझ्याबरोबर चालायचं, आणि नावं ठेवायची नाहीत."

"शिक्षा आहे का?"

"हो."

तो आला. जून संपता संपता, एका रविवारी, इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्याशी बटण लावून. ट्राममधल्या कंडक्टरबाईंनी त्याला "ये रे राजा, बस" म्हटलं तर कानापर्यंत लाल झाला. मी त्याला डॉन नदीकाठी नेलं. एके काळी इथल्या कारखान्यांचं गरम पाणी नदीत सोडायचे, त्या उबेनं काठावर अंजिराची झाडं उगवली. कारखाने गेले, झाडं राहिली. विटांच्या भिंतीतून वाकून ती पाण्यावर सावली धरतात. जोएल एका झाडाखाली बराच वेळ उभा राहिला. खोडावर हात फिरवला.

"हे इथे कुणी लावलं?"

"कुणीच नाही. शहरातली आहेत ती. आपली आपण जगतात."

तो काही बोलला नाही. दिवसभर असंच. बागेतल्या काचघरात गप्प, बाजारात गप्प. माझ्याकडे बघायचा, तोंड उघडायचा, मिटायचा. माझा पारा चढत चालला होता. आवडलं नसेल तर सांगावं माणसानं!

संध्याकाळी बाबांच्या मळ्यात गेलो. टेकडीवर बाबांना भाजी लावायला जमिनीचा एक लांबट तुकडा मिळालाय, त्यात एक लाकडी खोपटं. बाबा कमरेवर हात ठेवून वाटच बघत होते.

"तूच का रे तो खांब फिरवणारा?"

"हो, मिस्टर हॅलम."

"तुझ्या वयाचा असतो तर उचलून ओढ्यात टाकला असता तुला."

"टेसानं जवळजवळ टाकलंच होतं."

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग वाकून मुळ्यांची एक जुडी उपटली आणि त्याच्या छातीवर आपटली. "धर. घरी ने." आमच्या घरात याहून मोठा मान नाही.

तेवढ्यात सर आली. बाबा शेजाऱ्याच्या आडोशाला गेले आणि आम्ही खोपट्यात शिरलो. आत कुदळी, कुंड्या, कांद्यांच्या माळा आणि जेमतेम दोघांपुरती जागा. जोएलच्या हातात मुळे. टिनाच्या छपरावर पाऊस तडतडत होता.

"आमच्याकडे जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते?" त्यानं विचारलं.

झालं! माझा बांध फुटला. "एवढा कंटाळलास? दिवसभर तोंडाला कुलूप, आणि आता बस? सरळ सांग ना, नाही आवडलं म्हणून! मी काय तुला बांधून—"

"चुकवायची आहे," तो म्हणाला.

"काय?"

"बस. चुकवायची आहे. म्हणून वेळ विचारतोय." त्यानं मुळे एका कुंडीत ठेवले, हात पँटला पुसले, आणि ते हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना. "सकाळपासून सांगायचा प्रयत्न करतोय. ट्राममध्ये ती बाई होती. नदीवर तू त्या झाडांबद्दल इतकं सुंदर बोलत होतीस की... मग तुझे बाबा आले. टेसा, माझं प्रेम आहे तुझ्यावर. तू माझ्यावर ओरडलीस त्या मिनिटापासून. आता पुन्हा ओरड हवं तर."

मी तोंड उघडलं. ओरडायला शब्दच सापडेना. पहिल्यांदाच.

"सकाळपासून?" मी कशीबशी म्हणाले. "अख्खा दिवस वाया घालवलास! मी वेड्यासारखी—"

पुढचं त्यानं बोलू दिलं नाही. त्याच्या ओठांना पावसाची चव होती. एक कुंडी खाली पडून फुटली, ती बघायला आम्हाला सवड नव्हती.

बाहेर उतारावरून बसचा घरघराट जवळ आला, क्षणभर थांबला आणि दूर निघून गेला.

"ए पोरा!" बाबांची हाक आली. "तुझी बस गेली रे!"

"जाऊ दे!" आतून आम्ही दोघंही एकदमच ओरडलो.