विरजणाचा रुमाल

नागपूरहून सिरोंच्याला जाणारं विमान नऊ जणांचं होतं. त्यात वैमानिक नव्हता, चहाही मिळत नव्हता, आणि तरी त्यात पाऊल ठेवण्यासाठी माणसाला नागपुरात तीन दिवस पोट धुऊन काढणाऱ्या गोळ्या खात पडून राहावं लागे. शर्वरी बोम्मावार तशी पडून राहिली होती. चौथ्या दिवशी सकाळी विमानतळावरच्या बाईंनी तिच्या तळहाताचा, घशाचा आणि पोटाचा नमुना घेऊन जनुकवाचकात घातला. चाळीस मिनिटांनी हिरवा दिवा लागला. सामान दुसऱ्या दारानं किरणपेटीत गेलं. त्या पेटीतून बाहेर येणाऱ्या वस्तूवर एकही जीवाणू जिवंत राहत नाही, असं भिंतीवर मराठीत आणि तेलुगूत लिहिलं होतं.

म्हणूनच शर्वरीनं तो रुमाल बॅगेत ठेवला नव्हता. तो तिच्या कुडत्याच्या आत, छातीशी होता.

रुमाल म्हणजे दह्यात बुडवून सावलीत वाळवलेला सुती कापडाचा तुकडा. कोमट दुधात टाकला की दही लागतं. लग्नात आईनं तिला तो असाच बांधून दिला होता. आजीचं विरजण, तिला तिच्या आजीकडून आलेलं. पुण्यात शर्वरीनं ते अकरा वर्षं एक दिवस खंड न पडू देता टिकवलं. आईकडचं मात्र मागच्या हिवाळ्यात गेलं. ती वीस दिवस दवाखान्यात होती, आणि श्रीकरनं, शर्वरीच्या भावानं, दह्याचं भांडं घासूनपुसून पालथं घातलं.

"शेजारचं आणून लावते, पण ते आपलं नाही गं," आई फोनवर म्हणाली होती. "श्रीकरच्या बाळाच्या बारशाला आपलं दही हवं होतं. बघ, जमलं तर."

बाहेरचं जिवंत काहीही आत न्यायचं नाही, हा नियम दोघींनाही माहीत होता. त्या 'जमलं तर'मध्ये सगळं आलं.

विमानात शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, डोळ्यांवर हिरवा चष्मा. त्यांनी आपण होऊन तिला खिडकी दिली.

"मले काय दिसते, बाई? आताच ऑपरेशन झालं. तुम्ही पाहा नदी." त्यांचं नाव किष्टय्या दुर्गे. प्राणहिता नदीच्या काठी राहायचे आणि जाळी विणायचे. आठ दिवसांनी घरी चालले होते आणि बायको पन्नास वेळा फोन करून राहिली, असं कौतुकानं सांगत होते. शर्वरी बाळाला बघायला निघालीय हे कळल्यावर ते म्हणाले, "मग पाळण्याले झोळी विणून देतो. सुती दोरीची. लेकराले गार लागते."

खाली जंगल संपून दोन नद्यांचा संगम दिसू लागला, आणि पलीकडे ते छोटं शहर. दहा वर्षांपूर्वी देशभर जुनी प्रतिजैविकं एकामागून एक निकामी झाली. साध्या जखमेनं, बाळंतपणानं माणसं जाऊ लागली. औषधाला दाद न देणाऱ्या त्या जीवाणूंना लोक 'निबर' म्हणू लागले. ते बाहेर प्रत्येकाच्या पोटात गुपचूप बसलेले असत, धडधाकट माणसाला काही करत नसत; कच्चं शरीर सापडलं की मात्र उठत. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, की नद्यांनी आणि जंगलानं वेढलेल्या सिरोंच्यात निबर अजून पोचलेलेच नाहीत. मग पूल बंद झाले, शहर राखीव झालं आणि ये-जा करायला आकाशातलं एवढं एकच दार उरलं. त्या चाळीस हजार माणसांत न्यूमोनिया अजूनही पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरा होई. निबर आत आणणाऱ्याला मात्र कायमचं बाहेर काढत.

शर्वरीला हे सगळं पाठ होतं. पण निबर म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर घाणेरडी गटारं आणि दवाखाने येत. आजीचं दही कसं येईल? त्या दह्यावर ती स्वतः वाढली होती.

घरी पोचल्यावर आईनं तिला जवळ घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो रुमालाचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी दही लागलं, घट्ट, सुरीनं कापावं असं. आई भांडं हातात धरून बराच वेळ नुसती बघत राहिली. आजारपणानंतर ती इतकी खूश पहिल्यांदाच दिसली, असं नियतीवहिनी म्हणाली. दुपारी शेजारची रंगम्मा वाटी घेऊन आली, आणि आईनं मोठ्या मिजाशीत तिला चमचाभर विरजण घातलं.

बारशाला किष्टय्या खरंच झोळी घेऊन आले. बारीक विणीची, काठाला निळ्या दोरीची किनार. त्यांनी ती स्वतःच्या हातांनी पाळण्याला बांधली, दोनदा ओढून पाहिली आणि मग बाळाला तीत घातलं. नाव ठेवलं अर्णव. पाळणा म्हणून झाल्यावर आईनं करंगळी दह्यात बुडवून बाळाच्या ओठाला लावली. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं, आणि सगळ्या बायका हसल्या. शर्वरीही हसली.

तिसऱ्या दिवशी अर्णवला ताप भरला. दवाखान्यात कुणी घाबरलं नाही; सिरोंच्यात तापाला घाबरायची सवयच गेली होती. नेहमीचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी दुसरं दिलं, सकाळी तिसरं. श्रीकर सारखा म्हणत होता, की आता उतरेल. चौथ्या इंजेक्शननंतर डॉक्टर पेंदाम बाहेर आल्या, बाकावर बसल्या आणि त्यांनी जनुकवाचकाचा कागद मांडीवर पालथा ठेवला. निबर. शहरातला दहा वर्षांतला पहिला.

बाळ त्याच दुपारी गेलं. सतरा दिवसांचं होऊन गेलं.

शर्वरीच्या मनात जे आलं ते तिनं स्वयंपाकघरात आईपाशी बोलून दाखवलं. आईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या करंगळीकडे. मग उठून दह्याचं भांडं मोरीत रिकामं केलं आणि रुमाल चुलीत घातला.

"तू काही आणलं नाहीस," ती म्हणाली. "ऐकलंस? नियतीनं विचारलं तर, श्रीकरनं विचारलं तर, तू काही आणलं नाहीस. बोलून पोर परत येणार आहे का?"

शर्वरी गप्प बसली. आपण आईला वाचवतोय असं ती स्वतःला सांगत राहिली. पण खरं तर तिला वहिनीच्या नजरेला नजर द्यायचं भय वाटत होतं, दुसरं काही नाही.

चौकशी झाली. पंधरा दिवसांत बाहेरून आलेले नऊच जण. सगळ्यांना पुन्हा तपासलं, कुणातच काही सापडलं नाही. मग डॉक्टर पेंदामांनी एकेकाला गोळ्यांबद्दल विचारलं, आणि किष्टय्यांनी सरळ सांगून टाकलं: "नऊ गोळ्यांतल्या दोन नाही घेतल्या. बहुत मळमळत होतं. खोटं काहून बोलू?" नियम मोडणारा तोच एक, आणि बाळाच्या अंगाखाली झोळीही त्याचीच. निबर त्याच्या पोटात येऊन निघूनही गेले असतील, असं चौकशी समितीनं ठरवलं आणि त्याला कायमचं शहराबाहेर काढायचा हुकूम दिला. झोळी जाळली. जाळताना नियती दारात उभी होती, आणि तिनं त्या म्हाताऱ्याला जे शिव्याशाप दिले ते आई खाली मान घालून ऐकत होती.

परतीच्या विमानाला शर्वरी विमानतळावर आली तेव्हा रांगेत तिच्यापुढे किष्टय्या उभे होते. हातात एक पिशवी. काचेपलीकडे त्यांची बायको होती. तिला आत यायची परवानगी नव्हती, आणि किष्टय्यांना आता परत तिकडे जायची. डॉक्टर पेंदाम टेबलाशी बसून त्यांचे कागद तपासत होत्या.

किष्टय्यांनी मागे वळून पाहिलं. हिरवा चष्मा काढला होता, डोळे अजून लाल होते.

"बाई," ते हात जोडून म्हणाले, "मले माफ करा. त्या दोन गोळ्या घेतल्या असत्या तर तुमचं लेकरू राहिलं असतं. मी ती झोळी फार मनापासून विणली होती."

हा माणूस उरलेलं आयुष्य त्या बाळाला आपणच मारलं असं समजून काढणार होता, एकटा, कुठल्या तरी परक्या शहरात. शर्वरीला स्वतःचीच शिसारी आली.

"काका, तुम्ही काही केलं नाही," ती म्हणाली. आणि मग डॉक्टरांकडे वळून, एका दमात: "मी आणलं. रुमालात, अंगावर लपवून. विरजण. आईनं तेच दही बाळाच्या ओठाला लावलं."

डॉक्टर पेंदाम तिला रागावतील, ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं.

"वाळलेल्या कापडात ते टिकतात," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "दह्यात वाढतातसुद्धा. बाहेरच्या हाता-भांड्यांतून त्यात उतरले असणार. आम्ही माणसंच तपासत बसलो." त्यांनी किष्टय्यांचे कागद बाजूला सारले. "दही कुठंय?"

"आईनं ओतून टाकलं. रुमालही जाळला. सगळं संपलं."

"कधी ओतलं?"

"बाळ गेलं त्या दिवशी."

"म्हणजे आठ दिवस ते घरात होतं." डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "त्या आठ दिवसांत कुणी विरजण मागायला आलं होतं?"

शर्वरीच्या डोळ्यांसमोर रंगम्माची वाटी आली. तिनं आईला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"आई, मी सांगितलं. सगळं." तिनं फोन जवळ ओढला. "आई, रंगम्माशिवाय आणखी कुणाला विरजण दिलंस?"

बाहेर विमान दार उघडं ठेवून थांबलं होतं.

"दारात आलेल्या बाईला विरजण नाही कसं म्हणायचं गं," आई म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता. मग ती सांगू लागली. रंगम्मा. शाळेतल्या बाई. देवळाजवळची मल्लूबाई. पोस्टमास्तरांची सून. खालच्या आळीत शेजारच्या दोन घरांत राहणाऱ्या दोघी बहिणी. डॉक्टर पेंदाम लिहीत होत्या.

आईच्या मागून श्रीकरचा आवाज आला. "कसलं विरजण, आई?"

डॉक्टर पेंदाम फोनवर वाकल्या, आणि त्यांनी अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं विचारलं,

"मावशी, ही सहा घरं झाली. या सहा घरांनी पुढं कुणाकुणाला दिलं?"