खंडेनवमीचं खोबरं

दार लावून घ्या रे, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या आळीतल्या हंबीररावाची गोष्ट आहे. त्यानं मला ती एकदाच सांगितली, तीही माझ्याकडे न बघता.

शहात्तर सालची खंडेनवमी. हंबीररावानं सकाळी आपला ट्रक धुतला, स्टेअरिंगला हळदकुंकू लावलं, पुढं झेंडूचा हार बांधला आणि रात्री सांगलीहून हळदीची पोती घेऊन साताऱ्याला निघाला. क्लीनर सणाला गावी गेलेला. निघताना त्याची बायको अंबूबाई म्हणाली, "रातचं कुणाला गाडीत घिऊ नगा. कोण मेला कोयत्यानं डायवर कापतुया म्हणं."

"आगं, मी काय दुधखुळा हाय व्हय?"

पण उंब्रज मागं पडलं आणि डोळे मिटायला लागले. सोबतीला कुणी असतं तर बरं, असं वाटतंय तोवर रस्त्याकडेला एकानं हात केला. डोक्याला मुंडासं, काखेत गाठोडं. हंबीररावानं गाडी थांबवलीच.

"नागठाण्यापातूर सोडता का, मालक?"

"बस."

माणूस बसला, पण बोलेचना.

"घरला चाललाय?"

"व्हय."

"कामाला कुठं असतोस?"

तो मान खाली घालून गाठोड्याची गाठ सोडत होता. हंबीररावाची झोप उडाली. अंबूबाईचं बोलणं आठवलं.

गाठ सुटली. समोरून एक गाडी आली. उजेड आत पडला...

कोयता.

पात्यावर लाल... ओलं.

माणसाचा हात वर आला. त्यात काय आहे, ते हंबीररावानं बघितलंच नाही. डाव्या दाराची कडी ढिली होती. हंबीररावानं लाथ घातली, तसं दार उघडलं आणि माणूस बाहेर गेला.

"आवं... मालक..."

त्यानं गाडी पळवली. मागं बघितलं नाही.

साताऱ्यात उजाडल्यावर त्याला गाठोडं दिसलं. कोयत्याच्या पात्यावर कुंकू होतं, मुठीला झेंडूचं फूल बांधलेलं. आणि सीटवर खोबऱ्याचा तुकडा पडला होता. त्याच्या स्वतःच्या स्टेअरिंगवर तेच कुंकू वाळलं होतं. माणूस प्रसाद देत होता.

तेव्हाही परत जाता आलं असतं. तो गेला नाही. गाठोडं नदीत टाकलं आणि गप्प घरी आला. मागाहून कळलं, तो माणूस, गुऱ्हाळावरचा जोतीराम, नागठाण्याच्या अलीकडं रस्त्याच्या मोरीखाली सापडला. दिवस वर येईपर्यंत कण्हत होता म्हणे. घरी पोरगी दसऱ्याचं सोनं घेऊन त्याची वाट बघत बसलेली. खरा कोयतेवाला महिन्याभरानं भलतीकडंच धरला.

"रातीला मी भ्यालो, गड्या," हंबीरराव मला म्हणाला. "पर सकाळी भ्यालो नव्हतो. सकाळी मी लपलो."

त्यानं तो ट्रक विकला, दुसरा घेतला. पुढच्या खंडेनवमीला पहाटे आंघोळ करून नवराबायको पूजेला गेली. गाडीचं कुलूप त्यानं स्वतः काढलं. डावं दार उघडलं...

सीटवर खोबऱ्याचा तुकडा.

कुंकू लागलेला. ओला.

त्यानं वळून अंबूबाईकडं बघितलं. ती पूजेचं ताट घेऊन उभी होती. ताटातला नारळ अजून फोडायचा होता.