आईच्या वाढदिवसाची खीर

पाडव्याला आजोबांनी अर्धी वाटी खीर खाल्ली, तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर भसकन वर गेली. त्यांना गरगरायला लागलं. आज तेवढीच खीर खाल्ली तर तसं होणार नाही, असं घरचा यंत्रमानव चकोर म्हणत होता. हे कसं शक्य आहे? चंद्रावरच्या वसाहतीत राहणाऱ्या इरावतीला हे कोडं उलगडेना.

आज इरावतीच्या आईचा वाढदिवस होता. आई गेल्यानंतरचा पहिलाच. आईला आवडायची म्हणून तिने सकाळी गव्हल्यांची खीर केली. पण आजोबांनी वाटी बाजूला सारली.

"नको गं. मला मधुमेह आहे. पाडव्यापासून गोड सोडलंय मी."

इरावती स्वयंपाकघरात जाऊन मुकाट्याने रडली. तिथेच चकोरने तिला गाठलं.

"मी डॉक्टरांना विचारलंय. जेवणानंतर थोडी चालेल. रिकाम्या पोटी मात्र नको."

"पण खीर तर तीच ना?"

"तीच. खिरीपासून शेवटी ग्लुकोज (रक्तातून फिरणारी साखर) तयार होतं. पाडव्याला आजोबांचं पोट रिकामं होतं, म्हणून ते झपाझप रक्तात उतरलं. आजोबांच्या शरीरात इन्सुलिन (साखरेला पेशींमध्ये वाट करून देणारं द्रव्य) नीट काम करत नाही, म्हणून साखर रक्तातच साचते. आधी कोशिंबीर आणि उसळ खाल्ली, तर त्यातले तंतू (न पचणारा चोथा) आणि प्रथिनं यांमुळे जठर सावकाश रिकामं होतं. साखर थोडी थोडी येते."

"आणि मग?"

"मग चालायचं. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात."

इरावतीने हे सगळं आजोबांना सांगितलं. ते हात धुऊन जेवायला बसले. मग म्हणाले, "वाढ बाई पान."

कोशिंबीर झाली, उसळ झाली, शेवटी अर्धी वाटी खीर. मग दोघं काचघरातल्या भाज्यांच्या वाफ्यांमधून फिरू लागले. आजोबांच्या दंडावरची चकती साखर मोजत होती. इरावती दर मिनिटाला आकडा पाहत होती. आकडा चढला, पण हळूहळू. थोडा रेंगाळला आणि उतरायला लागला.

"म्हणजे मी उगाच घाबरलो," आजोबा पुटपुटले.

"पण रोज नाही हं! वाटीभर तर मुळीच नाही."

"नाही गं." ते एका वाफ्यापाशी थांबले. "तुझी आई लहानपणी खिरीवरची साय आधी पळवायची. ओरडलो की सायीच्या मिशा घेऊन हसायची."

आई गेल्यापासून आजोबा तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होते. इरावतीने त्यांचा हात घट्ट धरला.

"अजून सांगा ना."

"सांगतो. आणि पुढच्या वर्षी शेजारच्या सामंतकाकांनाही जेवायला बोलवू. त्यांनीही भीतीने गोड सोडलंय."