हसताना बोटं कुठे ठेवायची

राजघाटावरून नदीपलीकडच्या जैनाबादची नाव सुटली, आणि समोर बसलेल्या बाईने यशवंतकडे बघून गाल फुगवले. मग ओठांचा चंबू केला.

बायको गेल्यापासून यशवंतला कुणी वेडावून दाखवलं नव्हतं. त्याला वाटलं, दुखत असेल काहीतरी.

"बाई, दाढ दुखते काय? लवंग आहे माझ्याजवळ."

ती फिस्सकन हसली. हसता हसता दोन्ही डोळ्यांच्या कडा बोटांनी दाबून धरल्या.

"दाढ नाही हो, भाऊ. चेहऱ्याचा व्यायाम आहे. मोबाईलवर शिकली. सुरकुत्या जातात म्हणे."

"मग डोळे कशाला धरले?"

"हसलं की कडेला रेघा पडतात ना..."

ही ज्योत्स्ना. आजारी बहिणीसाठी रोज सकाळी पलीकडे डबा न्यायची. यशवंतची केळीची बाग तिकडेच. आता तो हीच नाव धरू लागला.

"तुमच्या कपाळावर तर नांगर चाललाय, भाऊ. भुवया वर करा. अशा—"

तो करायचा. गाल फुगवायचा. नाववाला गोटू ओरडायचा, "काका, एवढी हवा भरू नका, नाव उडून जाईल!"

ती हसायची... बोटं डोळ्यांशी.

एक दिवस ती पाण्याकडे बघत म्हणाली, "रविवारी खंडव्याचे पाहुणे येताहेत. मला बघायला. दादाने ठरवलंय. या वयात बघायचा कार्यक्रम! हसा तुम्ही."

यशवंत हसला नाही. घरी येऊन बायकोच्या, कौशल्याच्या फोटोसमोर बसला. तिच्याही डोळ्यांशी रेघा होत्या. त्या कधी आल्या, त्याला कळलंच नव्हतं. बघायचं राहूनच गेलं होतं.

शनिवारी त्याने मावा जिलबीचा दोणा आणला. "दोन्ही हातांनी धरा, पाक सांडेल." आणि तिच्यासमोर गाल फुगवले.

ज्योत्स्ना खळखळून हसली. हात दोण्यात अडकलेले. डोळ्यांच्या कडा मोकळ्या.

"अहो, डोळे धरू द्या ना—"

"नका धरू. खंडव्याच्या माणसाला गुळगुळीत चेहरा लागत असेल. मला या रेघा पाहिजेत. रोज बघीन... तुम्ही हो म्हणाल तर."

नाव काठाला लागली.

"दादाला फोन करते," ती हळूच म्हणाली. "पाहुण्यांना येऊ नका म्हणावं. आणि तुम्हाला आता भाऊ नाही म्हणायची."

तिने दोणा फळीवर ठेवला. हात मोकळे झाले. तरी ते मांडीवरच राहिले, आणि ती हसत राहिली.