पूनमचंद शेठजींची पाणपोई

वीरेंद्र, ती बॅटरी विझव आणि नीट बस. हे कारंजा गावात घडलेले आहे. ज्याच्यावर ओढवले त्या श्रेयांसने, माझ्या दिवंगत मित्राच्या मुलाने, ते मला स्वतः सांगितले. सांगताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

गेल्या वैशाखातील अमावास्येची रात्र. श्रेयांस पुण्याहून साध्याच कामासाठी आला होता. त्याचे आजोबा पूनमचंद हे एके काळचे कापसाचे मोठे व्यापारी. त्यांच्या नावाने घराच्या ओट्यालगत पाणपोई बांधली होती. सकाळी तिचे उद्घाटन व्हायचे होते. शेठजी जैन, आणि त्यांच्या दयाळूपणाची कीर्ती अशी, की विहिरीचे पाणी गाळल्यावर फडक्यात अडकलेले सूक्ष्म जीवसुद्धा ते त्याच विहिरीत अलगद परत सोडीत. त्या घरात आता त्यांची लेक कंचनबाई, म्हणजे श्रेयांसची आत्या, एकटीच राहते.

"काका, भूत कवा येते पण?"

भूत वाट पाहू शकते, वीरेंद्र. तूही पाहा.

मध्यरात्र उलटल्यावर दाराची कडी वाजली. बाहेर एका बाईचा आवाज होता.

"शेठजी, लेकराले घोटभर पाणी द्या हो..."

श्रेयांस उठला. अंधारात आत्याने त्याचे मनगट धरले.

"उघडू नोको."

"आत्या, पाणी मागून राह्यली ना ते! सकाळी पाणपोई उघडतो, अन् आता दार लावून बसू?"

"तुले नाही मागत. बाबाले मागते. दरसाल, याच रातीले."

मग आत्या बोलली. ती लहान असतानाची गोष्ट. उन्हाळ्यात मजुरांच्या वस्तीची विहीर आटली होती. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात काम करणारी रुखमाबाई तापाने फणफणलेले मूल घेऊन दारी आली. रात्री पाणी गाळायचे नाही, अंधारात जीव मरतात, हा शेठजींचा नियम. ते आतूनच म्हणाले, 'सकाळी ये.'

"मंग?"

"सकाळी लेकरू ओट्यावर होतं. थंड. अन् बाबा विहिरीवर फडकं उलटं करून जीव सोडून राह्यले होते. रोजच्यासारखे. म्या पाह्यलं."

"धर्मात असं सांगतलं हाय का, आत्या?"

"धर्माले कायले बोल लावतं? नियम आपल्या तोंडासाठी होता, तहानलेल्याच्या नाही. हे बाबाले मालूम होतं. मरेपर्यंत या दारातून बाहेर नाही गेले ते. मागच्या दारानं जात."

कडी पुन्हा वाजली.

श्रेयांसने तांब्या भरला. दाराशी गेला. अडसरावर हात ठेवला.

पलीकडे श्वास. एक मोठा... एक अगदी लहान.

हात हलेना.

तोंड मात्र उघडले. आणि त्यातून, त्याने न आठवता, शब्द निघाले...

"सकाळी ये."





मोठा श्वास दूर गेला. लहान... तिथेच राहिला. उंबऱ्याशी. श्रेयांस भरला तांब्या मांडीवर घेऊन दाराला पाठ लावून बसला. त्याने ऐकले. सगळे ऐकले. पहाटेच्या सुमारास तो श्वास अडखळला...

मग थांबला.

सकाळी हार-नारळ घेऊन मंडळी ओट्यावर जमली, तेव्हा त्याने अडसर काढला. उंबऱ्यावर कापसाचा एक बोळा पडला होता. आजारी लेकराला पाणी चोखवायला करतात, तसा. ठणठणीत कोरडा.

त्यावर दोन दुधाच्या दातांच्या खुणा होत्या.